तबकडीच्या रंगाची फाइल

मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी हकिगत पाण्याखाली तीनशे मीटरपर्यंत चालणाऱ्या घड्याळाची आहे आणि ते घड्याळ माझ्यासाठी होतं. सगळा जन्म पेडणे तालुक्यात गेला, घर पार्शात, चोपड्याची नदी जवळच. तरी पाणी गुडघ्याच्या वर आलं की मला देव आठवतो. त्या नदीत आमचे लोक तळाला बांबू टेकवून होड्या ढकलतात, म्हणजे काठाला खोली किती ते समजून घ्या. तीनशे मीटर पाणी बघायचं तर मला बोटीत बसून अरबी समुद्रात लांबवर जावं लागेल, आणि बोटीत मला उलटी होते.

घड्याळ देणारा माझा मुलगा. एकुलता एक. पोर्तुगीज गेले तेव्हा माझ्या वडिलांनी गावात गूळ वाटला होता. आजोबा त्या राजवटीत जन्मले या हक्कावर त्यांच्या नातवाने त्याच पोर्तुगिजांचा पासपोर्ट काढला आणि त्या पासपोर्टावर तो इंग्लंडात गेला. आमच्याकडे याला प्रगती म्हणतात. मीही म्हणतो, कारण आमच्या वाड्यावर म्हणायला दुसरं कोणी उरलेलंच नाही, सगळ्यांची मुलं तिकडे आहेत. माझा मुलगा तिथल्या एका मोठ्या विमानतळावर महागड्या घड्याळांच्या दुकानात विक्रेता आहे. आमची ही लोकांना सांगताना "घड्याळांच्या कंपनीत मोठ्या पोस्टवर" असं सांगते. मी दुरुस्ती करत नाही.

घड्याळाचं प्रकरण निघण्याआधी त्याचा फोन महिन्याकाठी एखादा यायचा. तो असा, प्रश्न माझे आणि उत्तरं त्याची:

"जेवलंस?"

"जेवलंय."

"थंडी आसा?"

"आसा."

"आईक दितंय."

मग फोन हिच्याकडे. तिचंही तेच, फक्त जेवणात काय होतं हा एक प्रश्न जास्त. मग तो म्हणायचा "ठेवतंय", आणि ठेवायचा. त्याचं आमच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. बोलायला काही नव्हतं. इथे काय घडतं? काजूला मोहोर आला, माकडांनी नारळ पाडले, शेजाऱ्याने कुंपण एक वीत पुढे सरकवलं. तिथे काय घडतं ते आम्हाला कळायचं नाही. आम्ही दोघं फोन ठेवल्यावर थोडा वेळ जनेलाबाहेर बघत बसायचो आणि मग ही म्हणायची, "दमलेलो आसतलो." मी म्हणायचो, "व्हय, दमलेलो आसतलो."

एका रविवारी मात्र मी "आईक दितंय" म्हणायच्या आत त्याने मला थांबवलं.

"पप्पा, तुमची साठी झाली तेवा मी थंय नाय होतंय. तुमका एक घड्याळ घेतंय. पाणबुडे घालतत तसला. डायल खंयचो व्हयो? काळो, निळो काय हिरवो?"

मी म्हटलं, "बघून सांगतंय."

यात माझा काही डाव नव्हता. पेडण्यातल्या एका सरकारी कचेरीत मी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. "बघून सांगतो" हे वाक्य माझ्या तोंडून श्वासासारखं बाहेर पडतं. कोणी घर जळतंय म्हणून सांगायला आला तरी मी आधी तेच म्हणेन.

पुढच्याच रविवारी फोन वाजला. महिना झाला नव्हता, आठवडाच झाला होता. आमची ही घाबरून स्वयंपाकघरातून धावत आली, काही बरंवाईट झालं की काय म्हणून. पण मुलगा विचारत होता, "पप्पा, रंग ठरलो?"

मी म्हटलं, काळ्यात आणि निळ्यात मला फारसा फरक दिसत नाही. झालं! तो बोलायला लागला. निळा कसा उन्हात खुलतो आणि सावलीत काळाच भासतो. हिरवा आता फॅशनमध्ये कसा आलाय. काट्यांवर कसला लेप असतो आणि तो अंधारात कसा चमकतो. तबकडीभोवतीची कडी पाणबुड्या कशी फिरवतो आणि आपण किती वेळ खाली आहोत, सिलिंडरमध्ये हवा किती उरली, हे त्यावरून कसं ओळखतो. दुकानात एक म्हातारा कसा रोज येऊन एकच घड्याळ हातात घालून बघतो आणि परत ठेवून जातो. दुकानात आपल्याबरोबर काम करणारी मुलगी कशी गिऱ्हाइकाचे बूट बघून डायलचा रंग ओळखते. मी मधूनमधून "बरा, बरा" म्हणत होतो. हिने चहा आणून ठेवला होता, तो निवून त्यावर साय धरली. आमच्या मुलाचा आवाज इतका वेळ सलग त्या घरात तो गेल्यापासून वाजला नव्हता.

फोन ठेवल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. पण मला जे कळायचं ते कळलं होतं. रंग ठरला की घड्याळ येणार, आणि घड्याळ आलं की हे फोन जाणार. पुन्हा जेवलंस, थंडी आसा, आईक दितंय. तेव्हा रंग ठरवायचा नाही, हे मी त्याच निवलेल्या चहाच्या साक्षीने ठरवून टाकलं.

आता एखादी गोष्ट न ठरवणं हे लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. "नको" म्हणालात की फाइल बंद होते. "हो" म्हणालात की मंजूर होते. ती जिवंत ठेवायची तर तिला हो आणि नाहीच्या मधे झुलवत ठेवावं लागतं, आणि त्याला आयुष्यभराचा रियाज लागतो. मी लोकांच्या फाइली झुलवल्या आहेत. घरपट्टीच्या, कुंपणाच्या, विहिरीच्या. त्यात माझा वैयक्तिक द्वेष कोणाशी नव्हता, ती कचेरीची पद्धतच होती. आता तीच विद्या पहिल्यांदा घरच्या कामाला आली.

पहिल्या रविवारी मी त्रुटी काढली. फोटो दुकानातल्या दिव्याखाली काढलेत, उन्हातले पाठव. त्याने जेवणाच्या सुट्टीत घड्याळं बाहेर न्यायची परवानगी काढली आणि उन्हातले फोटो पाठवले. इंग्लंडातलं ऊन ते! मी पुढच्या रविवारी लिहून कळवावं तशा आवाजात कळवलं की हे ऊन ग्राह्य धरता येत नाही, आमच्याकडे वैशाखात असला उजेड तिन्हीसांजेला असतो. तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. मग त्याने हवा, बर्फ, धुकं आणि तिथे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत कसा उजेड असतो ते सगळं सांगितलं. फाइल फुगत चालली.

मग मी ती संबंधितांच्या अभिप्रायासाठी पाठवली. संबंधित म्हणजे आमची ही. तिने हे काम मनावर घेतलं. मला घेऊन ती म्हापशाच्या बाजारात एका मॅचिंग सेंटरमध्ये गेली, तिथल्या माणसापुढे मोबाइल धरला आणि म्हणाली, "हेच्यासारको निळो दाखय." त्या बिचाऱ्याने ब्लाउजपिसांचे गठ्ठेच्या गठ्ठे खाली उतरवले. त्याला वाटलं पैठणी आहे. घड्याळ आहे म्हटल्यावर त्याने आमच्याकडे असं बघितलं, की आम्हाला लाजेखातर तिन्ही रंगांचे पीस विकत घ्यावे लागले.

घरी येऊन हिने वाटी ठेवून त्या कापडांचे गोल कापले. वाटी मोठी निघाली, घड्याळ पोळपाटाएवढं होईल म्हणून मग औषधाच्या बाटलीचं झाकण ठेवून कापले. आणि रोज सकाळी अंघोळ झाली की ती पेजेच्या निवळीने एकेक गोल माझ्या मनगटावर चिकटवायची. सोमवारी काळा, मंगळवारी निळा, बुधवारी हिरवा, मग पुन्हा पहिल्यापासून. "दिसभर वावरान बगा," म्हणायची. मी तसाच बाहेर पडायचो. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने पहिल्या दिवशी विचारलं, लागलं का हाताला. दुसऱ्या दिवशी विचारलं, अजून बरं नाही वाटतं. तिसऱ्या दिवशी त्याने काही न विचारता एक पाव जास्त दिला.

या कापडाच्या घड्याळांत एक सोय होती, वेळ बघायची गरज पडत नसे. रविवारी मुलाला त्यातलं सगळं सांगितलं. "पप्पा, तुमी पेजेन चिकटवतास?" म्हणून तो इतका हसला, की त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा काय झालं विचारायला आला. मग त्या मुलाचीही ओळख झाली. तो काणकोणचा निघाला. त्याची आई कुळथाची कढी कशी करते ते आमच्या हिने त्याला विचारून घेतलं.

पण अभिप्राय मागवला की नको तोही येतो. माझा मेव्हणा, हिचा धाकटा भाऊ, आमोण्याला राहतो. लोहखनिजाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा त्याचे ट्रक होते, गळ्यात साखळी होती आणि हातात सोनेरी घड्याळ होतं. खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, त्यांच्या टायरांवर वेल चढले. पण त्याचं मत देणं काही बंद पडलं नाही. तो पार्शाला आला तोच माझ्या मनगटावरचं कापड बघून दारात थांबला.

"भावोजी, ह्या काय?"

सांगितलं. त्याने ते कापड बोटाने खरवडून काढलं आणि अंगणात टाकून दिलं.

"काळो घेवा. डोळे झाकून काळो घेवा. आमच्या आमोण्यात धंदो चालू होतो तेवा पांढरो डायल दुपारपर्यंत धुळीन तांबडो जायचो. काळ्यार कायच दिसना."

"हंय खंय खाणी आसत?" मी म्हटलं.

"उद्या येतल्यो तर?"

पेडण्यात खाणी येतील म्हणून मी काळी तबकडी घ्यावी, एवढी दूरदृष्टी आमच्या सरकारलाही नाही. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने तिन्ही घड्याळांचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि मत मागितलं. डिचोलीपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेल्या आमच्या गोतावळ्याने ताबडतोब प्रतिसाद दिला. बहुतेकांनी जोडलेले हात पाठवले. दोघांनी उगवता सूर्य पाठवला. एका मावशीने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं, कारण फोटो न उघडताच ती त्या गोल घड्याळाला श्रद्धांजलीचं पुष्पचक्र समजली होती. त्यातून बहुमत काही निघेना, आणि मी मेव्हण्याचे मनापासून आभार मानले. त्या रविवारी मुलाने एकेका उत्तराचा पंचनामा केला, आणि मावशीच्या श्रद्धांजलीवर आम्ही दोघांनी, मी इकडे आणि त्याने तिकडे, डोळे पुसले.

असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. मजेत गेले. ही शनिवारीच सरलेल्या आठवड्यातल्या गोष्टी आठवून ठेवायची, कुठली त्रुटी काढायची यावर आमची जेवताना खलबतं व्हायची. पण आपण हे का करतो आहोत ते दोघांपैकी एकानेही तोंडातून काढलं नाही. ती फक्त म्हणायची, "माका काळो आणि निळो अजून सारकेच दिसतत. ताका परत समजावक सांगा."

आणि मग मुदत आली. फाइलीचा मुदतीएवढा मोठा शत्रू नाही. मुलगा म्हणाला, दुकानातल्या नोकरांना घड्याळ कमी किमतीत मिळतं ती सवलत महिनाअखेर बंद होणार आहे, नवा मॅनेजर आलाय, तेव्हा येत्या रविवारी काय तो एक रंग सांगा. "लोक पाच मिनटांत ठरयतत, पप्पा," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. पण त्याच्या आवाजातला दमलेपणा मला ऐकू आला, आणि मी नुसतं "बरा" म्हटलं.

त्या दिवशी जेवताना खलबत काही जमेना. शेवटी हीच म्हणाली, "देवाक विचारूया."

मला ही कल्पना एकदम पसंत पडली, आणि ती भक्तीपोटी नव्हे. आमचा ग्रामदेव कौल देतो. म्हणजे गुरव ओल्या फुलाच्या पाकळ्या मूर्तीला चिकटवतो, देवाला प्रश्न घालतो, आणि जी पाकळी आधी सुटून पडेल तो देवाचा शब्द. लग्न, जमीन, आजारपण, सगळं आम्ही तिथे नेतो. पण आमचा देव पाकळी लवकर सोडत नाही, अशी त्याची ख्याती आहे. लोक शिदोरी घेऊन बसलेले मी पाहिलेत. कधीकधी गुरवच म्हणतो, आज देवाच्या मनात नाही, पुढच्या सोमवारी या. मुलाला सांगता येईल की प्रकरण वरिष्ठांकडे गेलंय. नवा मॅनेजर असो की जुना, देवावर मुदत कोण घालणार?

गर्दी नको म्हणून आम्ही आडवार बघून दुपारचं गेलो. मेव्हणा गाडी घेऊन आला होता, तो हट्टाने बरोबर आला. देवळात पाऊल टाकलं आणि बघतो तर सगळा गाव तिथे! जत्रेचा मांडव या वर्षी कोणाकडून घालून घ्यायचा यावर बैठक चालू होती आणि ती सकाळपासून चालू होती. आम्हाला बघून भांडण थांबलं. भांडून कंटाळलेल्या माणसांना दुसऱ्याचा कौल म्हणजे पर्वणीच, सगळे उठून गाभाऱ्यापुढे येऊन बसले.

गुरवाने विचारलं, "प्रश्न काय?"

मी त्याच्या कानात सांगितला.

"मोठ्यान सांगा. देवाक आयकाक येवक व्हया."

मी मोठ्याने सांगितला. बैठकीत कुजबुज झाली. गुरव मात्र गंभीर होता. त्याची अडचण वेगळीच होती. "देवाचे खांदे दोन," तो म्हणाला, "आणि रंग तीन. कसा करूया?" यावर मांडवावर न झालेलं एकमत अर्ध्या क्षणात झालं, की तिसरी पाकळी कपाळावर लावावी. एकाने हरकत घेतली की कपाळावर तेल असतं, तिथली पाकळी निसटेल, हा बाकीच्या रंगांवर अन्याय आहे. तेव्हा गुरवाने देवाचं कपाळ पुसून घेतलं. उजव्या खांद्यावर काळा, डाव्या खांद्यावर निळा, कपाळावर हिरवा. पाकळ्या अर्थात तिन्ही पांढऱ्याच होत्या.

आणि मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. कौल मागायचा म्हणजे आधी गाऱ्हाणं आलंच, आणि गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्या माणसांनी होकार भरायचा, ही रीत मला काय ठाऊक नव्हती? जन्मभर मीही भरत आलोय. पण आपलं गाऱ्हाणं गावाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्या तुज्या लेकरान तुज्या पायाकडे नारळ ठेयलेलो आसा. ताच्या झिलान परदेशातसून ताका एक घड्याळ धाडूचा मनात आणल्यान."

"होय म्हाराजा!"

"ता घड्याळ म्हणे पाण्यात तीनशे मीटर खोल जाता."

"होय म्हाराजा!"

त्यातल्या एकानेही ते घड्याळ पाहिलं नव्हतं, तरी सगळ्यांनी साक्ष दिली.

"ह्यो काय पाण्यात उतरणार नाय, ता तुका म्हायत आसा, गावाक म्हायत आसा!"

"होय म्हाराजा!"

हा होकार सगळ्यात मोठा होता.

"तर काळो, निळो आणि हिरवो, ह्या तिनांतलो जो रंग ह्याका लाभतलो, तो तू आज दाखय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळे देवाकडे बघू लागले. पाकळ्या जिथल्या तिथे. मी मनातल्या मनात देवाला म्हणालो, शाब्बास, अशीच धरून ठेव. बराच वेळ गेला. कोणीतरी चहा आणायला सांगितला, तो आला, पिऊन झाला. काही जण पुन्हा हळूहळू मांडवाच्या विषयाकडे वळायला लागले. मी उठून म्हणणार होतो की राहू दे, पुढच्या सोमवारी येऊ, तेवढ्यात गुरव म्हणाला, "गाऱ्हाण्यात कायतरी सांगूचा ऱ्हवला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खांबाला टेकून बसलेल्या माझ्या बायकोकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. गुरव पुन्हा देवाकडे वळला आणि या वेळी त्याने आवाज चढवला नाही.

"बा देवा म्हाराजा. घड्याळाचा हा नुसता निमित्त आसा. ह्या दोगांचो एकलोच झिल, तो लांब आसा. तो फोन करता तेवढोच ह्यांचो रविवार. रंग तू दी नायतर नको दी. पण त्या झिलाक सुखरूप ठेव, आणि एकदा ताका घराकडे आण रे म्हाराजा."

मला वाटत होतं हे कोणालाही माहीत नाही. मी इतक्या काळजीने लपवलेली गोष्ट! आणि आमच्या गुरवाला ती ठाऊक होती, पोदेराला ठाऊक होती, समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होती. मनगटावर पेजेने चिंधी चिकटवून रस्त्याने हिंडणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते कोणाला कळणार नाही असं मी कसं धरून चाललो होतो, देव जाणे. मला वाटलं आता कोणीतरी हसेल.

"होय म्हाराजा!"

असा होकार मी त्या देवळात कधी ऐकला नाही. सकाळपासून भांडून ज्यांचे घसे बसले होते तेही ओरडले. कपाळावरच्या पाकळीला हरकत घेणारा माणूस तर डोळे मिटून ओरडला. त्याचे दोन मुलगे आणि सून तिकडेच आहेत, आणि मांडवावरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांच्या घरी आज फक्त म्हातारी माणसं आहेत. ते माझ्यासाठी ओरडले नव्हते. ज्याने त्याने आपापलं गाऱ्हाणं माझ्या नारळावर घातलं होतं. मला रडू आलं. भर देवळात, सगळ्यांदेखत आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

त्याच वेळी कपाळावरची पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

"हिरवो!" कोणीतरी ओरडलं. सगळ्यांना हायसं वाटलं. चला, रंग ठरला. लोकांनी अभिनंदन म्हणून माझ्याशी हात मिळवले आणि बैठक मांडवाकडे परतली. देवाने नेमक्या कुठल्या प्रश्नाला उत्तर दिलं हे गुरवाला विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो नारळ फोडायला गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला विचारायची भीती वाटली. घरी येईपर्यंत आम्ही तिघंही गप्प होतो. मेव्हणा गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघितला. तो गप्प का होता ते नंतर समजलं. त्याने पहिल्या "बा देवा"पासून शेवटच्या पाकळीपर्यंत सगळं मोबाइलवर घेतलं होतं आणि गाडीत बसायच्या आधीच ग्रुपवर टाकलं होतं. ग्रुपवर माझा मुलगाही आहे.

रविवार उजाडला. मी फोन मांडीवर घेऊन बसलो. वाक्य तयार होतं, एकाच शब्दाचं. तो मी उच्चारला की माझी फाइल संपणार होती. फोन वाजला.

"हिरवो," मी म्हटलं.

"बघलंय, पप्पा. मामान धाडल्यान."

झालं, संपली फाइल.  जुना काळ आठवला. आता मी थंडी आसा म्हणून विचारणार आणि तो आसा म्हणणार. शेवटी मीच म्हटलं, "मगे घेवन टाक."

"घेतलंय. शुक्रवारीच घेतलंय."

"धाड तर."

"धाडूचंय नाय. मी स्वता घेवन येतलंय."

हिने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "कधी येतलंस रे पुता?"

"रजा बघतंय, आई."

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. पाऊस येऊन गेला, गणपतीची चवथ येऊन गेली. तो अजून आलेला नाही. आधी एकाने रजा घेतली म्हणून याला नाही, मग दुकानाची मोजदाद, मग तिकिटं महाग. माझंच रक्त ते. प्रकरण प्रलंबित कसं ठेवायचं हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पण फोन दर रविवारी येतो. रजेचं कुठवर आलं ते तो सविस्तर सांगतो, आम्ही सविस्तर ऐकतो, आणि त्यातून दुसऱ्या गोष्टी निघतात, त्यातून तिसऱ्या. "कधी" हा शब्द मी वापरत नाही. हिलाही वापरू देत नाही.

गेल्या रविवारी मी सहज विचारलं, "घड्याळ नीट डब्यात ठेयलंस मा?"

"डब्यात ठेवक जायना, पप्पा. ता सेलार चालना. हाताच्या हालचालीर चालता. ठेयला तर बंद पडता."

"मगे?"

"मी घालतंय. रोज घालतंय."

"आणि तुजा ता जुना?"

"ता पण घालतंय. एका हातात एक, दुसऱ्या हातात एक. दुकानात सगळे हसतत."

"दोन घड्याळां कशाक रे?"



"हिरव्यात आपल्या घराकडची वेळ लावलंय. तुमी दोगां जागी आसास काय निजलास, ता बघूक."

मी फोन हिच्याकडे दिला.